‘पाण्याखाली धरलं की झालं’ म्हणणाऱ्यांना

दुपारचा डबा खाऊन मी ऑफिसच्या बेसिनपाशी दात घासत उभी होते. मागून आवाज आला, “अगं, सकाळी घासले नव्हतेस का?” लगेच दुसरा आवाज, “ते अलाइनर ना? माझ्या भाच्याचेही आहेत. तो नुसते पाण्याखाली धरतो आणि परत घालतो. त्याचं काही बिघडलं नाही.” दोघीही मनाने चांगल्या आहेत. पण हे वाक्य गेल्या दीड वर्षात मी इतक्या तोंडून ऐकलं आहे, की त्याला एकदा सविस्तर उत्तर देणं भाग आहे. नातेवाईक ते म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात, आणि ज्या दवाखान्यात मी पहिला संच घेतला तिथल्या काउंटरवरही मला हेच सांगितलं होतं : “पाण्याखाली धरलं की झालं, मॅडम. तारांसारखी कटकट नाही.”

मी विश्वास ठेवला. चार महिने तसंच केलं. पाचव्या महिन्यात वरच्या उजव्या सुळ्यावर, हिरडीला लागून, खडूने रेघ ओढावी तसा पांढरा डाग दिसू लागला. तो आजही तिथे आहे. त्यामुळे या विषयावर माझ्याकडून मवाळ भाषेची अपेक्षा कोणी करू नये.

आधी समोरचं म्हणणं जसंच्या तसं मांडते. अलाइनर काढता येतो, म्हणून तोंड आपोआप स्वच्छ राहतं. तो पारदर्शक आहे, घाण असती तर दिसली असती. आठ-पंधरा दिवसांनी तो टाकायचाच असतो, मग त्याचे एवढे लाड कशाला? दात सकाळी एकदा घासले की पुरे, आपले आजोबा जन्मभर तेच करत आले. फारच वाटलं तर माउथवॉशची चूळ भरावी, अलाइनरचा ट्रे उकळत्या पाण्यात बुडवून काढावा. आणि जेवल्यावर चारचौघांत ब्रश घेऊन उभं राहणं हा निव्वळ दिखाऊपणा आहे.

यातला एकही मुद्दा तपासणीत टिकत नाही. आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच चूक आहे : ही माणसं अलाइनरकडे बघतात, त्याच्या आत बंद झालेल्या दातांकडे बघत नाहीत.

अलाइनर म्हणजे काय? प्लास्टिकचा एक मिलिमीटरहून पातळ पत्रा तापवून दातांच्या साच्यावर दाबून बसवलेलं आवरण. ते दिवसातले वीस ते बावीस तास दातांवर असतं. आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, आणि ती नुसती ओलावा देत नाही. ती दातांवरून सतत वाहते, अन्नाचे कण नेते, जंतूंनी तयार केलेलं आम्ल सौम्य करते आणि दातातून झिरपून गेलेलं कॅल्शियम-फॉस्फेट परत आणून देते. दाताच्या बाहेरच्या कवचात, इनॅमलमध्ये, एकही जिवंत पेशी नसते. हाड मोडलं तर जुळून येतं, कातडी फाटली तर भरून येते, इनॅमल गेलं की नवं येत नाही. त्याची डागडुजी करणारं निसर्गाने दिलेलं साधन एकच, लाळ. आणि अलाइनर घातल्यावर दातांवरून मोकळेपणाने वाहायला अडतं तेही नेमकं तेच.

आता त्या आवरणाखाली जेवणानंतरचा पोळीचा लगदा, भाताचं शीत किंवा चहातली साखर राहिली तर काय होईल? १९४०च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या संशोधकाने साखरेने चूळ भरल्यावर दातांवरच्या थराची आम्लता मोजली होती. काही मिनिटांतच ती वाढते, आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. पीएच साडेपाचाच्या आसपास खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. हे लाळ मोकळी वाहत असलेल्या तोंडातलं मोजमाप आहे. ज्या दातांवर झाकण घट्ट बसवलं आहे, तिथे तो अर्धा तास किती लांबेल याचा विचार ‘पाण्याखाली धरलं की झालं’ म्हणणाऱ्यांनी कधी केला आहे का? पाण्याखाली धरलं ते प्लास्टिक. दात कोणी धुतले?

माझा पांढरा डाग म्हणजे हेच. कीड लागण्याच्या आधीची पायरी. खनिजं निघून गेल्यामुळे तिथलं इनॅमल सच्छिद्र झालं आणि खडूसारखं दिसू लागलं. डॉक्टरांनी फ्लोराइड लावून ती झीज थांबवली, पण डागाची खूण गेली नाही. दात सरळ दिसावेत म्हणून मी उपचार घेतले, आणि सरळ झालेल्या दातावर आता तो डाग आहे.

“पण तारांपेक्षा हे स्वच्छच, असं संशोधनातही आलंय” असं काही जण सांगतात. आलं आहे, ते मी मान्य करते. तारा लावलेल्यांपेक्षा अलाइनर वापरणाऱ्यांच्या हिरड्या बऱ्याचदा चांगल्या आढळतात. का आढळतात? कारण अलाइनर काढून सगळे दात मोकळेपणी घासता येतात, फटींमधून धागा फिरवता येतो. म्हणजे हा फायदा प्लास्टिकचा नाही, घासण्याचा आहे. जो घासतच नाही त्याच्या पदरात त्यातलं काय पडणार? उलट त्याने लाळेचा रस्ता अडवला आणि बदल्यात काहीच केलं नाही. शिवाय ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर जे दाताच्या रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात, त्यांच्या कडेला थर साचतो. तिथे ब्रश मुद्दाम फिरवावा लागतो. तोंडात तारा नाहीत म्हणून कोपरे-कपारीही नाहीत, हा समज खोटा आहे.

‘घाण असती तर दिसली असती’ हा मुद्दा तर जवळजवळ साडेतीनशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. डेल्फ्ट शहरातला कापडाचा व्यापारी आन्तोनी व्हान लेव्हेनहूक स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा. १६८३मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. तो रोज सकाळी मिठाने दात घासायचा, दातकोरणं वापरायचा, कापडाने दात पुसायचा. आपले दात इतरांपेक्षा स्वच्छ आहेत हे त्याला माहीत होतं. तरी दातांच्या फटीतून भिजवलेल्या पिठासारखा पांढरा पदार्थ काढून त्याने भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात असंख्य जीव वळवळताना दिसले. याच माणसाने आणखी एक गोष्ट करून पाहिली. व्हिनेगरने चूळ भरली. दातांवरच्या थरातले जीव जिवंतच राहिले. तोच थर बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवला, तेव्हा ते मेले. त्याने बरोबर ओळखलं की व्हिनेगर थराच्या आतपर्यंत पोचतच नाही.

माउथवॉशच्या भरवशावर राहणाऱ्यांनी हा प्रयोग नीट समजून घ्यावा. दातांवरचा थर म्हणजे सुटे जंतू नव्हेत. एकमेकांना आणि दाताला चिकटून, स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करून राहिलेली ती वसाहत आहे. चूळ भरून ती जात नाही, घासूनच निघते. अलाइनरच्या आतल्या बाजूलाही अशीच वसाहत होते. नखाने खरवडून बघा, काचेसारखा दिसणारा ट्रे बोटाला बुळबुळीत लागेल. रंगीत माउथवॉशमध्ये ट्रे बुडवून ठेवला तर थर तसाच राहतो आणि ट्रेला वर रंग चढतो.

आता ‘पंधरा दिवसांनी टाकायचाच आहे’ हा युक्तिवाद. मला सगळ्यांत जास्त संताप याचा येतो, कारण तो हुशारीचा वाटतो. १९६५मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. दहा ते एकवीस दिवस! एका ट्रेचं आयुष्यही साधारण तेवढंच असतं. ट्रे पंधरा दिवसांनी बदलतो, तोंड बदलत नाही. नवा कोरा ट्रे तुम्ही त्याच सुजलेल्या हिरडीवर, त्याच थर चढलेल्या दातावर बसवता आणि हिशेब नव्याने सुरू झाला असं समजता. थर वेळेवर निघाला नाही तर लाळेतल्या खनिजांनी तो कडक होतो, त्याचं कीटण होतं, आणि मग घरचा कोणताही ब्रश ते काढू शकत नाही. त्या कीटणाला ट्रे बदलल्याने काय फरक पडणार आहे?

आजोबांच्या मुद्द्यावर मी थोडी थांबणार आहे, कारण तिथे माणसं भावनेने बोलतात आणि त्यांना उत्तर देणं उद्धटपणाचं समजलं जातं. माझ्याही आजोबांनी बाभळीच्या काडीने दात घासले. काडी चावून तिचा कुंचला केला की दातांच्या पुढच्या बाजू घासल्या जातात, हे खरंच आहे. पण आठवणीत कोण राहिलं? ज्यांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते ते. बाकीच्यांचं काय? घराघरात पानाच्या डब्याशेजारी छोटा खलबत्ता असायचा. तो कोणासाठी होता? ज्यांना पान चावता येत नव्हतं त्या म्हाताऱ्या माणसांसाठी विडा कुटायला. भाकरी दुधात कुस्करून खाणारी आजी प्रत्येकाने पाहिली आहे. ती आवडीने कुस्करत नव्हती. कित्येक बायका दात घासायला मशेरी लावायच्या, म्हणजे भाजलेली तंबाखू. १९९२मध्ये सरकारला दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी आणावी लागली. त्या काळातलं सगळंच अनुकरण करण्यासारखं होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मशेरीचाही हिशेब द्यावा.

आणि आजोबांच्या दातांवर बावीस तास प्लास्टिक नव्हतं. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि त्याबरोबर बिस्किटं नव्हती. ज्या तोंडाची तुलनाच होऊ शकत नाही त्याचा दाखला का द्यायचा? कोणी कवळीचं उदाहरण देतं : “बाबा रात्री कवळी वाटीतल्या पाण्यात टाकतात, सकाळी घालतात, एवढं सोपं आहे.” पूर्ण कवळी बसते ती दात नसलेल्या हिरडीवर. तिच्याखाली किडण्यासारखं काही उरलेलंच नसतं. आणि कवळी रात्री काढतात, अलाइनर रात्री घालून झोपायचं असतं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दिवसभराचं खाणं दातांवर ठेवून, वरून झाकण लावून, लाळेविना सात-आठ तास झोपणं म्हणजे दातांना किती मोठ्या धोक्यात टाकणं आहे! आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर दात घासण्याला मान आहे, रात्री घासण्याला नाही. ज्याला दिवसात एकच वेळ निवडायची असेल त्याने रात्रीची निवडावी, आणि अलाइनर असेल तर एकच वेळ निवडायची मुभाच नाही.

“एक घोट चहासाठी काय काढायचं?” हे वाक्य मी लोकलमध्ये, लग्नाच्या मांडवात, मीटिंगच्या खोलीत ऐकलं आहे. चहा गरम असतो, गोड असतो आणि रंगीत असतो. तिन्ही गोष्टी ट्रेच्या विरोधात जातात. घोट गिळला तरी काही थेंब ट्रे आणि दाताच्या मध्ये शिरतात आणि तिथेच राहतात. ट्रे घालून प्यायचं ते फक्त साधं पाणी. हळदीबद्दल तर मराठी घरात वेगळं सांगायला नको. आमटी ठेवलेला प्लास्टिकचा डबा पिवळा पडतो, मग कितीही घासा, तो पिवळाच राहतो. हळदीतलं कुर्क्युमिन प्लास्टिकला असंच चिकटतं. ट्रे घालून आमटी-भात खाणं किंवा हळद लागलेल्या दातांवर तो चढवणं म्हणजे त्या डब्याची गत दातांवर करून घेणं. दातांचा पिवळेपणा घालवायला कोणी लिंबू-मीठ चोळायला सांगतं. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या जवळ असतो. साडेपाचाला विरघळू लागणाऱ्या इनॅमलवर तो चोळायचा? हा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे पण ठाम नकार द्या. आंबट काही खाल्लंच असेल तर आधी पाण्याने चूळ भरा, थोडा वेळ जाऊ द्या, मग घासा.

उकळत्या पाण्याचा सल्ला बाळाच्या बाटल्या उकळण्याच्या सवयीतून येतो. हेतू चांगला, पण वस्तू वेगळी. जे प्लास्टिक उष्णतेने मऊ करून आकाराला आणलं, ते उष्णतेने आकार सोडणारच. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवण्यासाठी बनवलेला असतो. तो केसभर वाकडा झाला तर उपचार काय करणार? साधं किंवा कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य लिक्विड सोप आणि ट्रेसाठी ठेवलेला वेगळा मऊ ब्रश, एवढ्याने काम होतं. टूथपेस्टने ट्रे घासू नये. पेस्टमध्ये घासण्यासाठी बारीक कण असतात. कठीण इनॅमलला ते चालतात, मऊ प्लास्टिकवर मात्र चरे पाडतात. त्या चऱ्यांत जंतूंना घर मिळतं आणि ट्रे धुरकट दिसू लागतो. कवळीच्या फसफसणाऱ्या गोळ्या काही डॉक्टर सुचवतात, पण त्यातल्या अनेकांत पर्सल्फेट असतं. त्याची काहींना ॲलर्जी होते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८मध्ये इशारा दिला होता. त्यामुळे डॉक्टरांना विचारून, वेष्टनावर लिहिलंय त्याच वेळेपुरत्या त्या वापराव्यात. ट्रे तोंडात घेण्यापूर्वी पाण्याने नीट धुवावा. गोळी तोंडात तर कधीच टाकू नये.

आणि डबी? ट्रे चकाचक करून ज्या डबीत ठेवता ती शेवटची कधी धुतली होती? पर्सच्या तळाशी, ओलसर, बंद, कोपऱ्यात वाळलेली लाळ. मी पुष्कळ जणांना हे विचारलं आहे आणि बहुतेकांनी डबी उघडून बघितल्यावर मान खाली घातली आहे. डबीलाही रोज साबण लागतो आणि ती वाळवावी लागते. हॉटेलात ट्रे टिश्यूत गुंडाळून टेबलावर ठेवणाऱ्यांबद्दल एवढंच सांगते की टेबल पुसणाऱ्याला ते टिश्यू कचराच वाटतं, आणि त्यात त्याची काहीही चूक नाही.

शेवटी तो दिखाऊपणाचा आरोप. मला तो सगळ्यांत जास्त लागतो, कारण त्यापायीच माणसं गप्प बसतात आणि नुकसान सोसतात. जेवून उठल्यावर हात धुणं ही शिस्त. चूळ भरणं हे संस्कार. कोकणात, देशावर, विदर्भात, कुठल्याही घरात पानावरून उठलेल्याच्या हातावर तांब्यातलं पाणी घातलं जायचं आणि तो खळखळून चूळ भरायचा. त्याला कोणी दिखाऊ म्हटलं नाही. मग त्याच माणसाने त्याच बेसिनपाशी आणखी दोन मिनिटं ब्रश फिरवला की तो दिखाऊ कसा होतो? तोंड स्वच्छ ठेवणं हा आपला जुना आग्रह आहे. मी तोच, तोंडात आलेल्या नव्या वस्तूला साजेसा करून पाळते आहे. ज्यांना हे नखरे वाटतात त्यांनी सांगावं, माझ्या दाताला कीड लागली तर रूट कॅनॉलच्या खुर्चीत माझ्या जागी कोण बसणार आहे?

दवाखान्यांनीही ऐकावं. ‘कटकट नाही’ हे वाक्य विक्रीसाठी सोयीचं आहे, पण खरं नाही. तारांची देखभाल डॉक्टर आणि रुग्ण मिळून करतात, अलाइनरची जवळजवळ सगळी जबाबदारी घालणाऱ्याच्या हातात येते. हे पैसे घेण्याआधी सांगायचं असतं. हिरड्या सुजलेल्या असतील, कीटण असेल, दात किडलेला असेल, तर आधी ते दुरुस्त करायचं आणि मगच ट्रे द्यायचा. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. मला कोणी ती पाच मिनिटं दिली असती तर हा डाग झाला नसता.

म्हणून पुन्हा, आणि कसलीही सूट न देता सांगते. अलाइनर पाण्याखाली धरला की तो ओला होतो, स्वच्छ होत नाही. तो घासावा लागतो, आणि त्याहून आधी दात घासावे लागतात, प्रत्येक खाण्यानंतर, न चुकता. फटींतून धागा फिरवावा लागतो. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने, दोन मिनिटं, हिरडीच्या कडेला तिरका ब्रश धरून घासल्याशिवाय ट्रे चढवायचा नाही. ज्या दिवशी बाहेर ब्रश मिळणार नाही त्या दिवशी निदान जोरात चूळ भरून, ट्रे धुऊन घाला, आणि घरी पोचल्यावर पहिलं काम दात घासण्याचं करा. चहा पाच वेळांचा दोन वेळांवर आणा. मी आणला आहे. हे जमत नसेल तर अलाइनर घेऊ नका. वाकडे पण निरोगी दात सरळ पण किडलेल्या दातांपेक्षा कितीतरी चांगले.

आणि ज्यांच्या तोंडात अलाइनर नाहीत त्यांना एक विनंती. उद्या जेवणाच्या सुट्टीनंतर तुमच्या ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या बेसिनपाशी एखादी मुलगी छोटा ब्रश घेऊन, मान खाली घालून, घाईघाईने दात घासताना दिसेल. तिला काही विचारू नका. थोडं बाजूला सरका आणि तिला दोन मिनिटं नळ वापरू द्या.